डावीकडचा पाटा

नाशिकरोड, ३१ जानेवारी १९८३

ती. दादा,

जयभीम. पाकीट फोडलंस म्हणजे निम्मं काम झालं. पुढचं वाचायचं नसेल तर वहिनीच्या हातात दे. ती जेवताना मोठ्यांदा वाचेल आणि भरल्या ताटावरून तुला उठता येणार नाही.

गाडी विकलेली नाही. विकणारही नाही. तुझ्या कानावर काहीबाही आलं असेल म्हणून आधी हे लिहिलं.

आबांना जाऊन दोन वर्षं झाली. गाडी अंगणात आहे, तशीच, उजव्या अंगावर कललेली. मी चालवते. हो, मीच. लायसन काढलं तेव्हा तिथला साहेब म्हणाला, बाई, तुम्ही शिवणक्लास चालवता ना? मी म्हटलं, तोही चालवते. आमचे हे गेल्यापासून मला काय काय चालवावं लागतं त्याची यादी त्या साहेबाला देत बसले नाही.

गेल्या साली जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो आपल्याच गाडीवर होता. आबा असताना दर साली असायचा, तसाच. फोटो टपावर बांधला, हार घातले, आणि मी स्टेअरिंगवर बसले. पण गाडी कललेली, त्यामुळे फोटोही कललेला. फोटो सरळ बांधावा तर गाडी जास्तच वाकडी दिसते, गाडीला धरून बांधावा तर फोटो वाकडा. चौकात पानाच्या टपरीवरचे टोळभैरव ओरडले, "अरे धरा, पडतोय फोटो!" मला त्या वेळी गाडी थांबवून खाली उतरायचं होतं, पण मिरवणूक पुढं निघाली होती.

काल समितीची बैठक झाली. यादव गुरुजी अध्यक्ष आहेत, ते म्हणाले, "मालनताई, राग मानू नका, यंदा आपण भाड्याची जीप सांगू." मी राग मानला. मी म्हटलं, चौदा एप्रिलला अजून वेळ आहे, तोवर गाडी सरळ करून दाखवते. सगळे हसले. तोंडावर नाही हसले, मिशीत हसले.

आता तुझं. याच अंगणात, आबा गाडी घेऊन आले त्या दिवशी, चार माणसांसमोर तू जे बोललास ते मला पाठ आहे. आबांनी आयुष्यभर वकिलाची गाडी हाकली, आणि फंडाच्या पैशांऐवजी वकिलानं आपली जुनी गाडी गळ्यात मारली. आबांनी ती हसत घेतली म्हणून तू चिडलास. चिडण्यासारखं होतं, मी नाही म्हणत नाही. पण पुढं म्हणालास, "ही गाडी वकिलापुढं वाकून वाकून वाकडी झालीय. आबाही तसेच. ही अंगणात आहे तोवर मी आत पाय ठेवणार नाही." आणि मनमाडला गेलास. ठेवलाही नाहीस पाय. आबांना खांदा दिलास तोसुद्धा फाटकाबाहेरून, गाडीकडे पाठ करून.

मी गाडी सरळ करणार आहे. घरी, अंगणात, आबांच्या पान्यांनी. सरळ झाली की चौदा एप्रिलला ये आणि बघ. आत बसायला कुणी सांगत नाही. बघ फक्त.

तुझी,
मालन

*

नाशिकरोड, १४ फेब्रुवारी १९८३

ती. दादा,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण पोस्टमन आला की मी मशीन थांबवते, हे खरं.

तू रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर, तुला पाटे म्हणजे काय हे सांगायला नको. वहिनीसाठी लिहिते. वहिनी, गाडीच्या मागच्या चाकांच्या वर दोन्ही बाजूंना लोखंडी पाटे असतात, एकावर एक रचलेले, वरचा सगळ्यात लांब आणि खाली खाली आखूड होत गेलेले. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. जुने झाले की दमतात, सपाट होतात, आणि त्या बाजूला गाडी बसते. गाडी उजवीकडे कललेली, म्हणजे उजवीकडचे पाटे दमलेले. इतकं तर शाळकरी पोरगीही सांगेल.

म्हणून मी खंडेराव मिस्त्रींकडे गेले. आबांचे जुने दोस्त. म्हटलं, उजव्या बाजूचा वरचा पाटा नवा हवा आणि त्याच्या टोकांत बसणारे रबरी बुश हवेत. ते म्हणाले, "आणा की गाडी, लावून देतो." मी म्हटलं, मी घरीच लावणार. मिस्त्रींनी विडी कानावरून काढली, परत कानावर ठेवली. म्हणाले, "ताई, हे झंपर शिवणं नाय. एकेक नट हाताच्या मनगटाएवढा हाय." मी म्हटलं, मनगट माझंही आहे. शेवटी सामान आणून द्यायचं कबूल केलं, पण मागून त्यांच्या पोराला डोळा घातलेला मला दिसला.

काल रविवार. क्लासला सुट्टी. जॅक लावून गाडीचा मागचा भाग उचलला, आबांनी ठेवलेल्या रेल्वे स्लीपरच्या लाकडी ठोकळ्यांवर नीट टेकवला, पुढच्या चाकांना दगड लावले, उजवं चाक काढलं. हे सगळं मला आबांनी शिकवलं नाही. मी नुसती कंदील धरून शेजारी उभी असायचे आणि तू तालमीत असायचास. कंदील धरणारा माणूस सगळं बघतो.

शेजारच्या बयाबाई मदतीला होत्या. मदतीला म्हणजे पायरीवर बसून तोंडानं. तुला आठवतात ना? आता दारातून आडव्याच येतात. मी गाडीखाली शिरले तशा म्हणाल्या, "आगं मालन, दिसू दे बरं का हात हालवत, न्हायतर मला वाटंल गेलीस."

दोन यू-बोल्ट आणि त्यांचे चार नट धुऱ्याला पाटे आवळून धरतात. त्यांच्यावर दोन दिवस घासलेट टाकून ठेवलं होतं. तीन नट सुटले. चौथा सुटेना. आबांचा पाना घसरायचा, नटाचे कोपरे झिजायला लागले. पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून जोर लावला तर मीच उचलली गेले. बयाबाईंना म्हटलं, या, दांड्यावर बसा. बसल्या. पाना वाकला, दादा. नट जागच्या जागी.

गाडी ठोकळ्यांवर उभी आहे. समितीतले येता-जाता फाटकातून बघतात आणि विचारतात, काय ताई, जमलं का? मी सांगते, जमतंय.

जमत नाहीये. हे तुलाच लिहिलंय, बाकी कुणाला बोलले नाही.

मालन

*

नाशिकरोड, २८ फेब्रुवारी १९८३

ती. दादा,

पाना पोचला.

तुझ्या ओळखीचे ते गार्ड स्वतः घरी देऊन गेले. गोणपाटात गुंडाळलेला, सुतळीनं बांधलेला, आत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. मी गोणपाट उलटंपालटं करून बघितलं. गार्डना विचारलं, काही निरोप? ते म्हणाले, "धोंडीराम म्हणाला, दांडा लांब आहे, हळू जोर लावायचा, झटका द्यायचा नाही." तुझ्या तोंडून सात वर्षांत मला आलेलं हे पहिलं वाक्य. चहा दोन कप पाजला त्या माणसाला.

हळू जोर लावला. झटका दिला नाही. नट असा सुटला की मी आणि बयाबाई एकमेकींकडे बघत राहिलो. बयाबाई म्हणाल्या, "भाऊ कामाचा हाय गं तुझा, तोंडाचाच तेवढा वाईट." मी म्हटलं, तसं काही नाही. बघ, तुझी बाजू घेतली.

मग धुऱ्याखाली दुसरा जॅक, पाट्याच्या पुढच्या टोकाच्या डोळ्यातला बोल्ट, मागचं टोक टांगून धरणारी शॅकल, सगळं बैजवार काढलं. पाट्यांची चळत खाली आली. जुने बुश म्हणजे नुसता काळा भुगा. नवीन बसवले. पाटे घासून, मध्ये ग्रीस भरून, वरचा नवा घालून परत आवळले. सोमवारी क्लासच्या बायका आल्या तेव्हा माझ्या नखांतलं काळं निघालेलं नव्हतं. पांढरी मलमल कापायची होती. एक म्हणाली, बाई, तुमचे हात बघा. मी हात टेबलावर पसरून ठेवले, म्हटलं, बघा, नीट बघा. असे हात तुमच्या नवऱ्यांचेही नाहीत. दादा, मला इतका ताठा आला होता की दुपारचं जेवण उभ्यानंच झालं.

काल संध्याकाळी गाडी खाली उतरवली. फाटकात सहा-सात माणसं जमली होती, यादव गुरुजी पुढं. जॅक सोडला. गाडी टेकली, जरा हलली, थांबली.

कललेलीच. उजवीकडे. पूर्वीपेक्षा केसभर कमी असेल, पण कललेलीच.

गुरुजींनी खाकरून घसा साफ केला आणि म्हणाले, "प्रयत्न चांगला होता." मला त्यांचं ते "होता" फार लागलं.

हस आता. तू मनमाडला हसलास तर मला इथं ऐकू येतं. पण पाना परत पाठवणार नाही, काम संपलेलं नाही.

मालन

*

नाशिकरोड, १४ मार्च १९८३

ती. दादा,

कारण सापडलं. काय ते तुला सांगणार नाही.

*

त्याच दिवशी, संध्याकाळी

वरची एक ओळ लिहून पाकीट बंद केलं होतं. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि परत आले. तुझ्यापासून लपवलं तर तुझं बोलणं खरं असल्याची मला भीती वाटते, असा त्याचा अर्थ होईल. मला कसली भीती?

तर ऐक. काल बयाबाईंना देवळालीला लेकीकडे सोडायचं होतं. त्या मागं बसल्या, डाव्या बाजूला, चांगल्या ऐसपैस. मी डिकी लावायला मागं गेले आणि उभीच राहिले. मागचा बंपर आणि कंपाउंडच्या भिंतीवरची चुन्याची रेघ, दोन्ही एका ओळीत. गाडी सरळ! दोरी धरावी इतकी सरळ!

मी म्हटलं, बयाबाई, उतरा. उतरल्या. गाडी उजवीकडे कलली. म्हटलं, बसा. बसल्या. सरळ. उतरा. कलली. चौथ्या वेळेला त्या म्हणाल्या, "आगं बये, मला काय पंपाचा दांडा समजलीस का? लेकीचं तोंड बघू दे आधी."

त्यांना सोडून आले आणि थेट गाडीखाली शिरले. डावीकडे. आजवर कुणी डावीकडे बघितलंच नव्हतं. तू नाही, मी नाही, समिती नाही. ज्या बाजूला गाडी बसली त्या बाजूचा दोष, असं सगळ्यांनीच धरून ठेवलेलं. मी पाटे मोजले, उजवीकडे जाऊन मोजले, परत येऊन मोजले. डावीकडे एक पाटा जास्त आहे. मूळचा नव्हे, मागाहून घातलेला, जाड, वेगळ्या लोखंडाचा.

वकीलसाहेब आठवतात तुला. दोन माणसांच्या वजनाचे होते. मागच्या डाव्या कोपऱ्यातच बसायचे, पाय पसरून. हा पाटा त्यांच्यासाठी घातलेला आहे. साहेब बसले की गाडी सरळ. साहेब उतरले, आबा एकटे गाडी घेऊन घरी निघाले, की गाडी आबांच्या अंगावर कललेली. वकील वारले तरी गाडी त्यांच्यासाठी जागा धरूनच उभी आहे.

म्हणजे तू म्हणालास तेच झालं. गाडी खरंच वकिलापुढं वाकलेली आहे. तू रागानं बोललास आणि तेच खरं निघालं. मला काल जेवण गेलं नाही. गाडीच्या खाली पाठीवर पडून मी त्या पाट्याकडे बघत होते आणि मला आबांचा राग आला. जन्मात पहिल्यांदा आला. एवढा स्वाभिमानी माणूस, आपल्याला विहार दाखवला, शाळेत हात धरून घातलं, मान वर करून चालायला शिकवलं, आणि साहेबाच्या बुडाखाली पाटा घालून वर्षानुवर्षं गाडी हाकली?

घे. लिहिलं. आता पोस्टात टाकते.

मालन

*

नाशिकरोड, २८ मार्च १९८३

ती. दादा,

हे पत्र बसून वाच.

मी खंडेराव मिस्त्रींकडे गेले होते. भांडायला गेले होते म्हण. म्हटलं, वकिलासाठी तो पाटा तुम्ही घातलात का? आबांना कुणी सांगितलं होतं घालायला? मिस्त्रींनी या वेळी विडी पेटवली.

म्हणाले, "वकिलानं? वकिलाला गाडीला पाटे असतात हे तरी ठाऊक होतं का? तो बसल्या बसल्या घोरायला लागायचा. पाटा तुमच्या आबानं, सावळीरामनं घातला. माझ्या दुकानातनं नेला, स्वतःच्या हातानं बसवला. वकील बसला की गाडी डावीकडं लवंडायची, मागनं येणारी पोरं हसायची. सावळीराम म्हणायचा, माझ्या हातातली गाडी वाकडी दिसता कामा नये. गाडी मालकाची असंल, चालवणारा मी हाय."

दादा, ते वाक्य मी मिस्त्रींकडून दोनदा म्हणवून घेतलं. गाडी मालकाची असेल, चालवणारा मी आहे. हे वाकणं आहे का, सांग मला. मनमाडच्या युनियनच्या सभेत उभा राहून सांग.

मग मी विचारलं, वकील गेल्यावर तो पाटा का नाही काढला? गाडी आपली झाल्यावर का नाही काढला? कललेली गाडी स्वतः चालवत राहिले ते?

मिस्त्री म्हणाले, "दोनदा मीच म्हनलो, आण इकडं, पोरगं काढील. तर म्हनला, न्हाई. घरीच काढायचाय. दोघांचं काम हाय. धोंडू आला की काढू."

आता आठव. तुला आठवणार नाही, तू नव्हतासच. मला आठवतं. दर दिवाळीला, दर जयंतीला, मनमाडकडून पॅसेंजर आली की आबा फाटकात जाऊन उभे राहायचे आणि परत येऊन म्हणायचे, "धोंडू आला की ते एक काम काढायचंय." मला वाटायचं, छपराचे पत्रे बदलायचेत. पत्रे मी बदलूनही घेतले, तरी त्यांचं ते एक काम उरलेलंच. मी कधी विचारलं नाही, कोणतं काम. त्यांनी कधी सांगितलं नाही. वकिलाची जागा तुझ्याबरोबर काढायची होती त्यांना. तोवर कललेल्या गाडीत बसले, तुझे शब्द ऐकून घेतले, आणि वाट बघितली.

मी रडले. मिस्त्रींच्या दुकानात, टायरवर बसून, पदर तोंडाला लावून. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पण मी आबा नाही. मी वाट बघत नाही. काल रविवारी तो पाटा काढला. दोघांचं काम होतं, दोघींनी केलं. बयाबाईंनी जॅक धरला, मी खाली. तुझ्या पान्यानं चारही नट पहिल्या जोराला सुटले.

एक गंमत झाली, तीही सांगते, नाहीतर म्हणशील नुसती फुशारकी मारते. पाट्यांची चळत बाहेर काढल्यावर मधला बोल्ट सोडायचा असतो. सोडण्याआधी चळत क्लॅम्पनं आवळून धरायची, हे मला माहीत होतं. आबा दर वेळी धरायचे. पण माझ्या अंगात वारं भरलेलं. सोडला तसाच. पाटे असे उसळले की एक थेट पाण्याच्या रांजणावर. रांजणाचे तुकडे, अंगणभर पाणी, आणि बयाबाई पायरीवर उभ्या राहून ओरडतायत, "वकील पळाला गं, वकील पळाला!" मला लागलं नाही. थोडं खरचटलं. वहिनीला सांगू नको.

उरलेले पाटे आवळून परत चढवले. गाडी खाली उतरवली. या वेळी फाटकात कुणी नव्हतं, मी कुणाला सांगितलंच नव्हतं. जॅक सोडला आणि मागं जाऊन उभी राहिले. बंपर आणि चुन्याची रेघ, एका ओळीत. आत कुणी बसलेलं नाही. रिकामी गाडी, आपली गाडी, सरळ उभी.

मी तिच्याभोवती फिरले. मग पुन्हा फिरले. बयाबाईंनी घरातून गुळाचा खडा आणून माझ्या तोंडात घातला. आपल्या अंगणात इतकं देखणं काही मी आजवर बघितलं नाही, आणि हे मी माझ्या हातानं केलंय, दादा. माझ्या हातानं.

तो पाटा मी धुऊन पुसून भिंतीला उभा केलाय. त्याचं काय करायचं ते तू ठरव.

मालन

*

नाशिकरोड, ७ एप्रिल १९८३

ती. दादा,

आज समिती गाडी तपासायला आली होती. यादव गुरुजींनी गवंड्याकडून ओळंबा मागून आणला होता. आणू देत. माझ्या कामाला ओळंब्याची भीती नाही.

टपावर फोटोची रिकामी चौकट बांधली आणि तिच्या कडेला ओळंबा सोडला. दोरी चौकटीच्या कडेला चिकटून खाली आली. गुरुजी चष्मा पुसून परत बघायला लागले. मी म्हटलं, गुरुजी, चष्म्याचा दोष नाही, गाडी सरळच आहे. ते मनापासून हसले. म्हणाले, "मालनताई, जीप रद्द." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जानेवारीत मिशीत हसलेले आज तोंड उघडून हसले. मी कुणाकुणाकडे बघितलं ते तुला सांगत नाही. सगळ्यांकडे बघितलं.

पण गुरुजी मास्तर आहेत. जाता जाता म्हणाले, "आता तुम्ही आत बसा, चालवताना बसाल तशा." बसले. दोरी चौकटीपासून सुटली. फार नाही, बोटभर. साहजिक आहे. चालवणारा उजवीकडे बसतो, शेजारी कुणी नाही, गाडी त्याच्या अंगाला जराशी येणारच. पुढच्या चाकांकडचं मी अजून उघडलेलं नाही, ते पावसाळ्यानंतर.

गुरुजी म्हणाले, "सोपं आहे. शेजारच्या सीटवर बाजरीचं पोतं ठेवू. वर चादर टाकली की कळणारही नाही." लगेच कुणीतरी पोतं आणलं. ठेवलं. दोरी परत जागेवर. ते पोतं आता सीटवरच आहे, चादर पांघरून बसलंय, पाहुण्यासारखं.

चादरीखालचं पोतं मला बघवत नाही. आबांच्या शेजारची ती सीट. त्यांच्या वेळीही ती रिकामीच असायची. फोटो घेऊन निघताना एक हात त्या सीटवर ठेवायचे. माझा समज, सवय असेल.

समितीत एक जण असंही म्हणाला, की गाडी चांगली झाली, आता चालवायला एखादा पुरुष माणूस बघू. मी त्याला म्हटलं, बघा की, गाडीखाली शिरताना नाही दिसला तो. गुरुजींनी त्याला गप्प केलं. पण आबा म्हणायचे, एक दिवस धोंडू ही गाडी चालवील. ते मी विसरलेले नाही. म्हणून सरळ लिहिते: तू आलास आणि किल्ली मागितलीस तर देईन. देताना माझा जीव तुटेल, खोटं कशाला बोलू, पण देईन. आबांचा शब्द आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, आत बसायला कुणी सांगत नाही, बघ फक्त. ते खोटं होतं. मला तू यायला हवा आहेस. नुसता फाटकाबाहेर नाही. अंगणात, गाडीत. अंगणात आता वकिलाचं काही उरलेलं नाही, भिंतीला उभा केलेला तो पाटा सोडला तर.

मिरवणूक चौदाला दुपारी चारला निघेल. फोटो त्याच दिवशी बारा वाजता येईल. नाही आलास तर पोतं आहेच. माझं काही अडत नाही. पण दादा, तुझी जागा बाजरीच्या पोत्यानं भरायची का, एवढं एका ओळीत कळव.

तुझी,
मालन

*

मनमाड, ११ एप्रिल १९८३
(कार्डावर, जाड शिसपेन्सिलीनं)

मालन,

जयभीम. तुझी सगळी पत्रं तुझ्या वहिनीनं जेवताना वाचली. एकदा नाही.

क्लॅम्प न लावता मधला बोल्ट सोडलास, मूर्ख आहेस. डोळा गेला असता. यापुढं माझ्याशिवाय पाट्यांना हात लावायचा नाही. पुढचं पावसाळ्यानंतर दोघं उघडू.

पाटा भंगारात देऊ नको. फाटकापासून आत यायला पायरी नाही, चिखल होतो. तो तिथं जमिनीत आडवा बसवू. मीच बसवीन आणि त्याच्यावरून आत येईन.

तेराला संध्याकाळच्या पॅसेंजरनं आम्ही दोघं येतो. पोतं उतरवून ठेव. किल्ली तुझ्याकडेच राहू दे. चालवणार तू. मी शेजारी बसतो.

धोंडीराम